आठव्या डावातला चौथा बाद

निमकर काकांना आमच्या तळघराच्या पायऱ्या किती, असं कुणी विचारलं असतं तर ते 'चौदा' म्हणाले नसते. "दोन षटकं आणि दोन चेंडू," असं म्हणाले असते. पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा खाली जाऊन वर येईपर्यंत त्यांनी हा आकडा काढला होता आणि चहाचा कप हातात घेण्याआधी मला सांगितला होता. ते गेल्यावर मी जाऊन मोजल्या. चौदाच होत्या. त्या घरात मी नऊ वर्षं राहत होतो आणि मला ते माहीत नव्हतं. अमेरिकेतल्या वूस्टरच्या एका विमा कंपनीत आकडेमोडीच्या खात्यात काम करणाऱ्या माणसाला ही गोष्ट शोभणारी नव्हती.

काका मिरजेचे. रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते आणि रविवारी तिथल्या एका क्रिकेट क्लबाचे स्कोअरर. एकतीस हंगाम त्यांनी वही लिहिली. स्वतः कधी खेळले नाहीत. "मैदानात बावीस माणसं चुका करत असतात," ते म्हणत, "तेविसाव्यानं तरी करू नये." निवृत्त झाल्यावर ते मुलाकडे, अविनाशकडे आले. अविनाश आणि मी, आम्ही दोघंही श्रूजबरीच्या हद्दीला लागून असलेल्या एका जुन्या गिरणीगावात राहत होतो. ही गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली. मिरजेहून एरोग्राम यायला बारा दिवस लागत. काकूंना एका हिवाळ्यात इथली थंडी पुरेशी कळली होती, त्यामुळे त्या मिरजेतच होत्या.

अविनाश आणि त्याची बायको शैला सकाळी पावणेआठला घर सोडत आणि सहाच्या सुमाराला परतत. मधले दहा तास काका एकटे. शैला मला फोनवर म्हणायची, "लेले काका, बाबांना सांगा ना जरा. काल ते रस्त्याच्या कडेनं चालत होते, तर पोलिसानं गाडी थांबवून विचारलं, आर यू लॉस्ट?"

"मग बाबा काय म्हणाले?"

"म्हणाले, नो, आय ॲम काउंटिंग."

ते मेलबॉक्स मोजत होते. ग्रंथालयापर्यंत सव्वा मैलाच्या रस्त्यात एकशे अकरा.

माझ्या घरी एका रविवारी टीव्हीवर बेसबॉल लागलं होतं. अमेरिकेत बारा वर्षं काढूनही मी एक सामना शेवटपर्यंत पाहिला नव्हता. काकांनी मात्र खुर्ची पुढे ओढली. खेळाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. ते फळा वाचत होते.

"धावा समजल्या. दुसरा रकाना फटक्यांचा असणार. हा तिसरा ई कसला?"

"एरर. क्षेत्ररक्षकाच्या चुका."

"फळ्यावर?" काका माझ्याकडे वळले. "अख्ख्या गावासमोर?"

"वहीत तर नावानिशी लिहितात म्हणे."

काकांनी पुन्हा फळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "आमच्याकडे सुटलेला कॅच वहीत चढत नाही हो लेले. सांगलीविरुद्ध आमच्या यष्टिरक्षकानं तीन सोडले. सामना गेला. पण वही उघडून बघा, त्या बिचाऱ्याच्या नावापुढे काहीही नाही. त्याची नातवंडं ती वही अभिमानानं बघतील." माझी बायको नलू आतून म्हणाली, "म्हणजे तुमची वही खोटं बोलते." काका म्हणाले, "वहिनी, वही खोटं बोलत नाही. गप्प बसते."

पण त्या खेळाची लिहिण्याची रीत त्यांच्या डोक्यात बसली. दोन दिवसांनी ते ग्रंथालयात गेले आणि बेसबॉलची स्कोअरबुकं कशी असतात, असं विचारलं. तिथल्या बाईंनी त्यांना काचेच्या कपाटातून एक कापडी बांधणीची वही काढून दिली. गावातल्या तारेच्या गिरणीच्या संघाची ती वही होती. पन्नास वर्षांपूर्वी त्या संघानं राज्यातल्या सगळ्या गिरण्यांची अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकली होती. पुढे गिरणी बंद पडली, करंडक कुठे गेला कुणाला माहीत नाही. गावचं साप्ताहिकही बंद झालं आणि त्याच्या फायली तळघरात पाणी शिरून गेल्या. उरली होती ती ही वही आणि एक माणूस.

तो माणूस शेजारच्याच टेबलावर बसला होता. स्टॅन्ली, वय चौऱ्याहत्तर. संघातल्या, राखीव धरून, अकरापैकी दहा वारले होते. स्टॅन दर मंगळवारी ग्रंथालयात येऊन त्या कपाटाजवळ बसायचा, वर्तमानपत्र उघडून. वाचायचा की नाही, देव जाणे.

त्यानं काकांना वही वाचायला शिकवली. पिचर, म्हणजे गोलंदाज, एक; कॅचर, म्हणजे यष्टिरक्षक, दोन; असे नऊ जागांचे नऊ आकडे. 'के' म्हणजे तीन चेंडू चुकवून बाद. मैदानाच्या चार कोपऱ्यांना बेस म्हणायचं आणि चारही फिरून आलं की एक धाव. घरी काय म्हणतात तुम्हाला, असं त्यानं विचारलं तेव्हा काका म्हणाले, "एव्हरीबडी सेज काका." तेव्हापासून तो त्यांना "मिस्टर काका" म्हणू लागला आणि काका त्याला "स्टॅनराव". रेल्वेचं इंग्रजी आणि गिरणीचं इंग्रजी यांचं फारसं जमत नसे, पण दोघांची डोकी एका पानावर वाकलेली मी स्वतः पाहिली आहेत. शैलाचे काळजीचे फोन बंद झाले.

मग गिरणीच्या इमारतीत सदनिका करायचं ठरलं. जुन्या दगडी फाटकाला गावाच्या आठवणींचा एक पितळी फलक लावायचा, त्यासाठी पाच जणांची समिती नेमली गेली. संघाचं नाव आणि अकरा खेळाडू त्यावर यावेत, असं ग्रंथालयाच्या बाईंनी सुचवलं. समितीनं एकच गोष्ट मागितली. धातूत ओतायचं म्हणजे कायमचं, तेव्हा अंतिम सामना जिंकल्याची खातरी कुणीतरी लेखी द्यावी. बाईंनी काकांना विचारलं. वहीची स्वच्छ नक्कल करायची आणि बेरजा तपासायच्या. एवढा धीर गावात दुसऱ्या कुणाला नव्हता.

त्या आठवड्यात मी काकांना जितकं आनंदी पाहिलं तितकं पुन्हा पाहिलं नाही. गुरुवारी संध्याकाळी मात्र ते नक्कल घेऊन आमच्याकडे आले आणि चपला न काढताच आत आले. ते कधीच तसं करत नसत.

"लेले, हे तपासा. मला चूक काढून दाखवा."

आठवा डाव. ताळा त्यांनी स्वतःच बसवला होता. फलंदाजीला जितके आले तितक्यांचा शेवट लागला पाहिजे: कुणी बाद, कुणी धाव काढून परत, कुणी बेसवर अडकलेले. आले होते सात. अडकले तीन, धाव काढली एकानं, आणि बाद चार.

"सात माणसं आली आणि आठ जणांचा निकाल लागला," काका म्हणाले. "आणि डावात बाद तीनच असतात. हा चौथा कुठला?"

मी चौकट शोधली. तिसऱ्या फलंदाजापुढे ठळक 'के' होता. म्हणजे बाद. आणि त्याच चौकटीत धाव पूर्ण झाल्याची खूणही होती. सामना एका धावेनं जिंकलेला. शेजारी बारीक अक्षरात 'डब्ल्यू. पी.' असं लिहिलं होतं. वहीच्या मुखपृष्ठावर स्कोअररचं नाव होतं वॉल्टर पियर्स.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आपल्याकडे कचेरीत आकडा बदलला की शेजारी आद्याक्षरं करायची असतात. काकांनी मालधक्क्यावर सव्वीस वर्षं तेच केलं होतं. नागपूरच्या सरकारी कचेरीत माझ्या वडिलांनीही. बाद झालेल्या माणसाच्या नावावर नंतर धाव चढवली आणि प्रामाणिकपणे सही ठोकली, असा त्याचा अर्थ आम्हाला सूर्यप्रकाशाइतका स्पष्ट दिसत होता.

"फलंदाज कोण?" मी विचारलं.

काकांनी नावावर बोट ठेवलं. स्टॅन.

"त्यालाच विचारू या की."

"नाही." काका ताठ बसले. "खेळाडूला विचारून वही लिहायची नसते. एकदा मी विचारलं होतं आणि तो म्हणाला तसं लिहिलं होतं. पंचवीस वर्षं झाली, तो अजून मला पेढे देतो."

मी बेरीज तीनदा केली. बेरीज बरोबर होती. मी पत्र टाईप केलं, सात फलंदाजांचा तक्ता जोडला. काकांच्या नावाखाली 'एकतीस वर्षांचा अनुभव असलेले स्कोअरर' असं लिहिलं, आणि तपासणारा म्हणून माझ्या सहीखाली माझा हुद्दा. आम्ही फसवणूक हा शब्द कुठेही वापरला नव्हता. 'आठव्या डावातली धाव वहीवरून सिद्ध होत नाही,' एवढंच लिहिलं होतं. समितीनं संघाचं नाव यादीतून काढलं.

नलूनं ते ऐकलं आणि तव्यावरची पोळी तशीच राहू दिली. "तुम्ही दोघांनी मिळून त्या म्हाताऱ्याला आउट केलंत," ती म्हणाली.

पुढच्या मंगळवारी स्टॅन ग्रंथालयात आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बाईंनी काकांना सांगितलं की त्याच्या छातीचं ऑपरेशन ठरलं आहे, आणि पत्रातलं त्याला कुणीतरी सांगितलं आहे. काका नीट जेवेनासे झाले. शैलाचे फोन पुन्हा सुरू झाले. "काका, बाबा रात्रीचं ताट तसंच ठेवतात. झालंय काय?" मी तिला काही सांगितलं नाही. ऑफिसात माझ्याच तक्त्यांवरचा माझा विश्वास डळमळला होता. एकच बेरीज दोनदा करायचो, मग तिसऱ्यांदा. बरोबर यायची आणि समाधान व्हायचं नाही.

शनिवारी दुपारी अडीच वाजता काकांचा फोन आला. मागे टीव्हीचा गोंगाट होता.

"लेले! बाद झालेला माणूस पळाला!"

"कोण पळाला?"

"अहो, टीव्हीवर! तीन चुकवले, पंचानं हात वर केला, आणि चेंडू कॅचरला सापडलाच नाही, मागे भिंतीशी गेला. तर हा गाढव बॅट टाकून पहिल्या बेसकडे धावत सुटला! आणि त्याला तिथे उभा राहू दिला! अविनाश म्हणतो, नियमच आहे. कॅचरच्या हातात चेंडू राहिला नाही तर तो बाद नाही, पळू शकतो. आणि तो समालोचक काय म्हणाला माहीत आहे?"

"काय?"

"वाइल्ड पिच." काकांचा आवाज एकदम खाली आला. "डब्ल्यू. पी."

वॉल्टर पियर्सनं काही खोडलं नव्हतं. तीन चुकवले म्हणून 'के' आणि पिचरनं चेंडू स्वैर टाकला म्हणून 'डब्ल्यू. पी.', एवढंच त्यानं नियमाप्रमाणे लिहिलं होतं. बाद तीनच होते. सात माणसं, सात निकाल. बारा वर्षं इथे राहिलेल्या मला ते ओळखता आलं नव्हतं, आणि त्या तक्त्याखाली माझा हुद्दा होता.

फलकाचा मजकूर बुधवारी ओतकामाला जाणार होता.

मी गाडी काढली. काका दारातच उभे होते, कोट चढवून. "आधी स्टॅनराव," ते म्हणाले. रस्ताभर मी मनात वाक्यं जुळवत होतो. काका काहीच मोजत नव्हते.

स्टॅन परसात टोमॅटोची रोपं लावत होता. आम्हाला पाहून उठला नाही.

"स्टॅनराव," काका म्हणाले, "आय रीड राँग. मी चुकीचं वाचलं. तुम्ही बाद नव्हता."

"तो चेंडू मी चुकवला होता," स्टॅन मातीकडे बघत म्हणाला. "हातभर बाहेर होता आणि मी बॅट फिरवली."

"पण बाद नव्हता."

स्टॅननं खुरपं खाली ठेवलं. मग तो बोलला ते मी जमेल तसं मराठीत सांगतो. तो म्हणाला, "चाळीस वर्षं गिरणीत लोक म्हणत, स्टॅननं जिंकून दिलं. माझ्या लग्नात म्हणाले. माझी मुलं तेच ऐकत वाढली. मी चुकवलं होतं हे मी कुणाला सांगितलं नाही. तुला वही शिकवताना ते पान मी भरभर उलटलं. तुझं पत्र ऐकलं तेव्हा मला वाटलं, सापडलो शेवटी."

काका त्याच्याशेजारी, ओल्या मातीवर, कोटासकट बसले. त्यांनी विचारलं, "पहिल्या बेसपर्यंत किती पावलं झाली?"

"मोजली नाहीत. पळत होतो."

"मोजायला हवी होती," काका गंभीरपणे म्हणाले. स्टॅननं त्यांच्याकडे पाहिलं, आणि हसायला लागला. हसता हसता त्यानं छातीवर हात ठेवला. मी पुढे सरसावलो. पण तो नुसताच हसत होता.

समितीची बैठक सोमवारी संध्याकाळी सहाला होती. मी नवं पत्र टाईप करू लागलो तर काकांनी कागद मशीनमधून ओढून काढला. "नको. तुमची टाईप केलेली पत्रं फार खरी वाटतात."

ते वही बगलेत घेऊन गेले आणि पाच जणांपुढे उभे राहिले. "विथ ड्यू रिस्पेक्ट," त्यांनी सुरुवात केली आणि मालधक्क्याच्या अर्जासारखं सगळं सांगितलं. आद्याक्षरांचंही. एक-दोघांनी भुवया उंचावल्या. अध्यक्ष निवृत्त शिक्षिका होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमचं पहिलं वाचन तितक्याच खातरीचं होतं, मिस्टर निमकर. हे दुसरं बरोबर आहे हे आम्ही कशावरून समजायचं?"

प्रश्न रास्त होता. काकांनी वही उघडून टेबलावर त्यांच्यापुढे सरकवली. गॅरेज चालवणाऱ्या एका सदस्यानं चौकटीवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "वाइल्ड पिच. हे तर या गावातल्या कुठल्याही पोराला कळेल. आपल्यापैकी कुणी वही उघडलीच नव्हती?" कुणीच उघडली नव्हती. तक्ता होता ना.

संघाचं नाव परत घ्यायला पाचही हात वर झाले. काकांनी ते मोजले.

आम्ही निघणार इतक्यात काका कार्यवृत्त लिहिणाऱ्या तरुणीकडे वळले. चूक स्कोअरबुकाची नव्हती, वाचणाऱ्याची होती, असं नोंदवा म्हणाले. "एरर, निमकर." तिनं स्पेलिंग विचारलं. काकांनी एकेक अक्षर सांगितलं आणि ती लिहीत असताना वाकून बघितलं. माझंही नाव लिहा, असं मी म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं.

स्टॅनचं ऑपरेशन निभावलं. सप्टेंबरात फलक लागला. त्याच आठवड्यात मिरजेहून काकूंच्या डोळ्याच्या ऑपरेशनचं पत्र आलं आणि काकांनी परतायचं ठरवलं. शैलाला रजा नव्हती, अविनाश ऑफिसातून परस्पर विमानतळावर येणार होता. म्हणून बॉस्टनपर्यंत काकांना मी सोडायचं ठरलं. विमान सहा वाजून चाळीस मिनिटांचं, रस्ता तासाभराचा. मी एक वाजता निघू म्हणालो. "एवढ्या लवकर?" नलू म्हणाली. परदेशी विमानाला तीन तास आधी पोचायचं होतं आणि शुक्रवारची गर्दी मला माहीत होती.

काका म्हणाले, फाटकावरून जाऊ. पाच मिनिटं.

स्टॅनचा जावई त्याला चाकाच्या खुर्चीत घेऊन आला होता. घाईत चष्मा घरी राहिला होता. फलक उन्हात चकाकत होता, आणि डोळे बारीक करूनही स्टॅनला काही वाचता येईना. काका त्याच्या बाजूला उभे राहिले आणि नावं मोठ्यानं वाचू लागले. ती नावं पोलंडची, स्वीडनची, फ्रेंच कॅनडाची. काका ती मिरजेच्या पद्धतीनं, लिहिलेलं प्रत्येक अक्षर उच्चारत वाचत होते. स्टॅन पहिल्याच नावाला "नो, नो" म्हणाला आणि नीट म्हणून दाखवलं. काकांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा चुकलं. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा स्टॅननं मान हलवली आणि तो माणूस कसा होता ते सांगितलं: उजवा पाय जरा ओढायचा, पण चेंडू कधी सुटला नाही. मग दुसरं नाव.

मी घड्याळ पाहिलं. दोन वाजून बावीस मिनिटं झाली होती. गाडीत जाऊन मी इंजिन सुरू केलं, काच खाली केली आणि हॉर्नवर हात ठेवून बसलो. वाजवला नाही. काका वाकून, एका हातानं टोपी धरून, स्टॅनच्या तोंडाकडे बघत एकच नाव पुन्हा पुन्हा म्हणत होते. ते सातवं होतं. अजून चार राहिली होती.